डार्विनची पत्रं वाचायची कशी? (तारखा, कात्री आणि हरवलेली बाजू)

शेवाळी

डार्विनची हाती लागलेली सगळी पत्रं आता छापून झाली आहेत. पहिला खंड १९८५ साली आला आणि तिसावा त्याच्या शेवटच्या वर्षाचा, म्हणजे १८८२ चा. एकूण पंधरा हजारांच्या आसपास पत्रं. ढोबळमानाने निम्मी त्यानं लिहिलेली, निम्मी त्याला आलेली, आणि पत्रव्यवहार करणारी माणसं दोन हजारांच्या घरात. केंब्रिजच्या डार्विन पत्रव्यवहार प्रकल्पानं मजकूर जालावर फुकट ठेवलाय, तेव्हा पैसे नाहीत ही सबब चालणार नाही.

तरीही चर्चेत येतात ती तीच चार वाक्यं. सजीवांच्या जाती बदलतात असं म्हणणं म्हणजे खुनाची कबुली दिल्यासारखं वाटतं, हे त्याच्या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला, हूकरला, लिहिलेलं वाक्य तर भिंतीवर लावायच्या तसबिरीसारखं झालंय. बाकीचा ढीग कोणी उघडत नाही. माझं म्हणणं असं की ही पत्रं म्हणजे थोर माणसाची मनोगतं नव्हेत, ती त्याची उपकरणं आहेत. १८४२ च्या सप्टेंबरात केंटमधल्या डाउन या खेड्यात तो राहायला गेला तो कायमचा. तिथं बसून ब्राझीलची फुलं, कलकत्त्याची गांडुळं आणि मद्रासची कबुतरं त्याला मिळाली ती टपालानंच.

जाणकारांना विचारायचंय ते असं. १८६२ च्या आधी त्याला आलेली पत्रं इतकी कमी का? पुष्कळ पत्रांची तारीख चौकोनी कंसात असते, तिच्यावर किती विसंबायचं? हिंदुस्थानातून त्याला कोण लिहायचं, आणि त्यात आपल्या बाजूचं काही आहे का? शिवाय नवख्यानं सुरुवात कुठून करावी?

बोरू

पहिल्याचं उत्तर त्याच्या मुलानं, फ्रान्सिसनं, लिहून ठेवलंय. आलेली पत्रं डार्विन सळ्यांना टोचून ठेवायचा. जुन्या वाण्याच्या दुकानात बिलं टोचलेली तार असायची, तसलाच प्रकार. सळ्या मोजक्याच होत्या. त्या भरल्या की कित्येक वर्षांची पत्रं एकदम जाळायची आणि सळ्या मोकळ्या करायच्या. नव्या सळ्या आणणं त्याला सुचलं नाही की परवडत नव्हतं असं नाही, सवयच ती. १८६२ च्या सुमारास त्याला गळ घातली गेली, तेव्हापासून महत्त्वाची पत्रं राहू लागली.

याचा परिणाम विचित्र आहे. त्याआधीच्या काळात डार्विननं लिहिलेली पत्रं उरली, कारण ती घेणाऱ्यांनी जपली. त्याला आलेली गेली. भूगर्भशास्त्रज्ञ लायलला लिहिलेली आज फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत आहेत, अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रेला लिहिलेली हार्वर्डच्या वनस्पतिसंग्रहात, पूर्वेकडच्या बेटांवर हिंडणारा निसर्गअभ्यासक वॉलेस याला लिहिलेली ब्रिटिश लायब्ररीत. म्हणजे १८४० आणि १८५० ची दशकं वाचताना बरेचदा एकाच बाजूचं बोलणं ऐकू येतं. समोरच्यानं काय विचारलं होतं ते उत्तरावरून ताडायचं. हे ध्यानात न घेता वाचलं की डार्विन सतत आपल्याच तंद्रीत बोलतोय असा समज होतो.

कावळा

सळ्यांचा एक डझन वेळेवर घेतला असता तर विज्ञानाच्या इतिहासकारांच्या दोन पिढ्यांचा रोजगार गेला असता.

पानमळा

बोरू यांच्याशी सहमत, फक्त एक पुरवणी. जाळण्याच्या तडाख्यातून सुटलेली पत्रं आहेत, आणि ती कोणती हे बघण्यासारखं आहे. ज्या पत्रात कामाची माहिती होती ते सळीवर राहायचं नाही, विषयवार पाकिटात जायचं. अभ्यासिकेत त्याच्या हाताशी अशा तीस-चाळीस पाकिटांची फडताळं होती. एका पत्रात दोन विषय असले तर तो सरळ कात्री लावायचा, अर्धं कोंबड्यांच्या पाकिटात, अर्धं संकराच्या.

म्हणून एडवर्ड ब्लाइदची पत्रं उरली. ब्लाइद १८४१ ते १८६२ कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर होता. १८५५ पासून त्यानं हिंदुस्थानातल्या पाळीव जनावरांवर पानंच्या पानं भरून टिपणं पाठवली. डार्विननं ती वाचताना समासात रेघा मारल्या, रंगीत पेन्सिलीनं खुणा केल्या. छापील खंडांत आणि जालावरही पत्राच्या खाली या खुणा वेगळ्या दिलेल्या असतात. त्या वगळून वाचू नका. पत्रातलं काय त्याच्या उपयोगाचं ठरलं ते तिथं दिसतं, आणि ते बरेचदा पत्रातल्या सगळ्यात रंजक भागाहून वेगळं असतं.

ब्लाइदच्या पत्रव्यवहाराला एक चटकदार कोपराही आहे. वॉलेसनं बोर्निओतल्या सारावाकमध्ये लिहिलेला, नव्या जाती कशा येतात यावरचा लेख १८५५ च्या सप्टेंबरात आला. त्याच डिसेंबरात ब्लाइदनं कलकत्त्याहून डार्विनला विचारलं, वॉलेसचा हा लेख कसा वाटला? त्याला स्वतःला तो चांगला वाटला होता. म्हणजे वॉलेसकडे लक्ष द्या हा इशारा लंडनहून नव्हे, हुगळीकाठाहून गेला होता.

चिकित्सक

वॉलेसचं नाव निघालंच आहे तर विचारतो. १८५८ साली वॉलेसनं तेर्नातेहून पाठवलेलं पत्र नाही. सोबत निबंध होता, त्यात वॉलेसनं नैसर्गिक निवडीची कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती, त्याची मूळ हस्तलिखित प्रतही नाही. पाकीट नाही. नेमका हाच कागद गहाळ! सळीचं कारण ऐकायला गोड आहे, पण फारच सोयीचं आहे.

टपालहंशील

@चिकित्सक, सोयीचं असतं तर फक्त तेवढंच पत्र गेलं असतं. १८६२ च्या आधीची शेकडो पत्रं नाहीत, त्यात हे एक. आता टपालाचा हिशेब मांडतो, कारण खरा वाद तिथंच आहे.

वॉलेस तेर्नातेला, म्हणजे आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांत. तिथं डच आगबोट महिन्यातून एकदा लागायची. टपाल तिथून जावा, बटाव्हिया, सिंगापूर असं यायचं. पुढे पी अँड ओच्या बोटीनं सिलोनचं गॉल, मग सुवेझ. कालवा १८६९ चा, तेव्हा सुवेझ ते अलेक्झांड्रिया खुष्कीनं आणि पुढे पुन्हा समुद्र. सगळे जोड वेळेवर जमले तर अडीच ते तीन महिने. एक बोट चुकली की पत्र महिनाभर मागे.

पुरावा म्हणून दाखवतात ते वॉलेसचं दुसरंच पत्र. फ्रेडरिक बेट्सला २ मार्च १८५८ ला लिहिलेलं. त्याचं पाकीट शिल्लक आहे आणि त्यावर इंग्लंडला पोचल्याचा ३ जूनचा शिक्का आहे. यावरून एका पक्षाचं म्हणणं: डार्विनचं पत्रही त्याच बोटीनं निघालं, म्हणजे ३ जूनलाच पोचलं, आणि त्यानं ते दोन आठवडे दाबून ठेवलं. कारण लायलला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की वॉलेसनं हे *आज* पाठवलंय, आणि ते पत्र १८ जूनचं आहे.

दुसऱ्या पक्षाचं म्हणणं जास्त पक्कं वाटतं. वॉलेसनं डार्विनला विनंती केली होती की निबंध बरा वाटला तर लायलला दाखवावा. लायलला आपल्या लिखाणात रस आहे हे वॉलेसला कळलं डार्विनच्या २२ डिसेंबर १८५७ च्या पत्रातून. ते पत्र तेर्नातेला पोचलं मार्चच्या बोटीनं, म्हणजे बेट्सचं पत्र जिच्यावर चढलं तिनंच. आलेलं पत्र वाचून त्याच फेरीत उत्तर देणं कठीण. उत्तर एप्रिलच्या बोटीनं गेलं असं धरून २०१२ साली जॉन व्हॅन वाय्ह आणि कीस रूकमाकर यांनी एकेका बोटीचं वेळापत्रक जुळवलं, तेव्हा टपाल डाउनला पोचतं १८ जूनच्या सकाळी.

चिकित्सक

वॉलेसनं म्हातारपणी लिहिलंय की निबंध पुढच्याच टपालानं रवाना केला. निबंधावर फेब्रुवारी १८५८ अशी नोंद आहे. फेब्रुवारीनंतरचं पुढचं टपाल मार्चचं. एप्रिलचं कुठून काढलंत?

टपालहंशील

निबंध फेब्रुवारीत लिहिला आणि पाकिटात मार्चनंतर घातला, यात विसंगती काय? पाठवण्याचं निमित्त तर मार्चमध्ये हाती आलं. आणि चाळीस-पन्नास वर्षांनंतरच्या आठवणीपेक्षा लायलला दाखवा ही विनंती जास्त वजनाची, कारण ती त्याच वेळच्या कागदात नोंदलेली आहे.

पंचांगवाला

यात तारखेचा एक कंगोरा आहे, मूळ धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाशी जुळणारा. लायलच्या त्या पत्रावर डार्विननं स्वतः लिहिलंय फक्त '१८'. महिना आणि वर्ष संपादकांनी घातलंय. सूचीत ते *१८ [जून १८५८]* असं दिसतं. कंसाबाहेरचं डार्विनचं, कंसातलं संपादकांचं.

डार्विनला तारीख पूर्ण लिहायचा कंटाळा. बरेचदा नुसता वार. खुनाच्या कबुलीचं जगप्रसिद्ध पत्रही नुसत्या 'गुरुवार'चं आहे, ११ जानेवारी १८४४ सगळं कंसात. (आणि ते वाक्यही त्यानं स्वतःच कंसात टाकलं होतं, जाता जाता म्हटल्यासारखं.) मग वर्ष कसं ठरवतात?

आधी पत्ता बघतात. घर एकच, पण टपालाचा पत्ता बदलत गेला. सुरुवातीला डाउन, ब्रॉम्ली. मधली काही वर्षं डाउन, फार्नबरो. मग पुन्हा ब्रॉम्ली. १८६९ पासून बेकनहॅम. बेकनहॅम दिसलं की पत्र १८६९ नंतरचं हे पक्कं. ब्रॉम्ली दिसलं तर सावध, कारण ते १८४४ चंही असू शकतं आणि १८६४ चंही. नुसत्या पत्त्यावर भागत नाही ते इथं.

मग कागद. घरात मृत्यू झाला की काळ्या काठाचा कागद वापरायचे. कागद उजेडात धरला की दिसणाऱ्या पाण्याच्या खुणेत कारखान्याचं नाव आणि कधीकधी वर्ष असतं, पण त्यावरून एवढंच कळतं की पत्र *त्या वर्षाआधीचं नाही*. मग वार आणि तारखेची सांगड. तारीख आणि वार दोन्ही असतील तर वर्षांचे पर्याय झपाट्यानं कमी होतात, कारण तीच जोडी पाच, सहा किंवा अकरा वर्षांनीच परत येते. शेवटी मजकूर: कुठलं पुस्तक छापखान्यात आहे, कुणाचं मूल आजारी आहे, कुठलं बी उगवलंय.

फसगत होते ती पाकिटांमुळे. मागाहून कुणीतरी भलत्याच पत्राला भलतं पाकीट जोडून ठेवलेलं असतं. किंवा पत्र घेणाऱ्यानं वर्षांनंतर आठवणीनं साल खरडलेलं असतं, आणि ते डार्विनचंच अक्षर समजून जुन्या आवृत्तीत छापलं जातं.

बोरू

याला जोडून: फ्रान्सिसनं १८८७ साली बापाच्या पत्रांचे तीन खंड काढले, त्यातून उद्धृतं देणाऱ्यांनी जपावं. संपादन प्रेमानं केलंय, पण हयात माणसांबद्दलचे टोमणे आणि धर्माबद्दलची काही वाक्यं गाळली आहेत, आणि तारखाही जागोजागी सुधाराव्या लागल्या. आज कोणताही उतारा वापरायचा तर प्रकल्पाच्या पाठाशी ताडून घ्या. प्रत्येक पत्राला कायम क्रमांक आहे. हूकरच्या त्या पत्राचा ७२९, लायलच्या १८ जूनच्या पत्राचा २२८५. संदर्भ देताना पानापेक्षा क्रमांक द्यावा, तो आवृत्तीप्रमाणे बदलत नाही.

नोंदीत आणखी एक गोष्ट बघायची. पत्र त्याच्या हातचं आहे, की दुसऱ्यानं लिहून त्यानं नुसती सही केलीय, की निव्वळ नक्कल आहे. तब्येत बिघडली की बायको एमा किंवा मुलं लिहायची, १८७४ पासून फ्रान्सिसच लेखनिक. सांगून लिहवलेलं पत्र आणि स्वतः खरडलेलं पत्र यांची वाक्यंच वेगळी पडतात. नकलेत तर नकलणाऱ्याच्या चुकाही आल्या.

मुंगी

अक्षर इतकं वाईट होतं का?

बोरू

होतं, आणि त्याला ते ठाऊक होतं. परदेशी माणसाला पत्र असेल तर लेखनिकाला बजावायचा की नीट लिही, परक्याला वाचायचंय. त्रासदायक पत्रांना उत्तर म्हणून त्यानं एक छापील मजकूरही करून घेतला होता, तो जवळजवळ वापरलाच नाही. वेड्यावाकड्या पत्रांनाही हातानं उत्तरं देत बसायचा.

कावळा

म्हणजे 'आपला प्रतिसाद मिळाला, धन्यवाद' हे १९ व्या शतकातच तयार होतं, फक्त कळ दाबायला माणूस कचरत होता.

पानमळा

पत्रं ही उपकरणं, हे शेवाळी यांचं म्हणणं प्रत्यक्ष बघायचं तर १८५५ ची हूकरशी झालेली पत्रं काढा. प्रश्न असा होता की समुद्रापलीकडच्या बेटांवर झाडं पोचली कशी. पूर्वी बेटं जमिनीनं जोडलेली होती, मग ती जमीन बुडाली, असं म्हणणाऱ्यांचा जोर होता. डार्विनला अशी उठल्यासुटल्या खंडं बुडवणं पसंत नव्हतं. त्यानं बिया खाऱ्या पाण्यात घातल्या.

पद्धत साधी. दोन ते चार औंसांच्या बाटल्या, कृत्रिम समुद्री मिठाचं पाणी, काही बाहेर सावलीत आणि काही बर्फाच्या पाण्यात ठेवलेल्या, म्हणजे थंड समुद्राचाही अंदाज यावा. ठरावीक दिवसांनी थोड्या बिया काढून पेरायच्या. हूकरची अटकळ होती की बिया लवकरच मरतील. डार्विनच्या घरातली पोरं विचारायची, डॉक्टर हूकरला तुम्ही हरवणार का? हालीम, मुळा, कोबी, लेट्यूस तगले. मुळ्याच्या आणि कोबीच्या बाटलीतलं पाणी इतकं सडलं की वास सहन होईना, तरी मुळा उगवला.

अंतिम आकडा असा: ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकार २८ दिवस पाण्यात राहूनही उगवले, आणि मोजके १३७ दिवसांनंतरही.

मग गाडी अडली. बिया जगतात खऱ्या, पण *बुडतात*. बुडालेली बी समुद्र कशी ओलांडणार? ही घोडचूक त्याला हूकरशी बोलता बोलताच उमगली आणि पत्रात वैताग दिसतो. पुढची पायरी म्हणून त्यानं फळांसकट ९४ झाडांच्या फांद्या सुकवून पाण्यावर सोडल्या. ओल्या फांद्या लवकर बुडतात, वाळलेल्या बऱ्याच जास्त दिवस तरंगतात. त्यातल्या १८ जाती २८ दिवसांहून अधिक तरंगल्या. अटलांटिकच्या प्रवाहांची सरासरी चाल दिवसाला ३३ मैल धरली की २८ दिवसांत ९२४ मैल होतात. तरंगणं आणि उगवणं हे दोन्ही हिशेब एकत्र करून त्यानं काढलं की एखाद्या देशातल्या शंभरातल्या १४ जातींच्या बिया एवढं अंतर जाऊन उगवू शकतील. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथात हा उतारा छान घोटून येतो. पत्रांत मात्र तो कुठं अडला, काय सडलं, कोण हसलं, हे सगळं दिसतं.

टपालाच्या लखोट्यातून आलेलं सामानही याच प्रश्नाचं. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातून वील नावाच्या गृहस्थानं टोळांची वाळलेली विष्ठा पत्रातच घालून पाठवली. डार्विननं सूक्ष्मदर्शकाखाली त्यातून बिया वेचल्या आणि गवताची सात रोपं उगवली, दोन जातींची. पक्षितज्ज्ञ आल्फ्रेड न्यूटननं पाठवलेला तित्तिराचा पाय तर आणखी भारी. त्याला चिकटलेला मातीचा गोळा साडेसहा औंसांचा, तीन वर्षं पडून असलेला. फोडून, पाणी घालून काचेच्या घंटेखाली ठेवला तर ८२ रोपं.

टपालहंशील

लखोट्यातून विष्ठा हा विनोद नाही, दराचा भाग आहे. १० जानेवारी १८४० पासून ब्रिटनमध्ये अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला एक पेनी, अंतर कितीही असो. त्याआधी हंशील अंतर आणि कागदांच्या संख्येवर असायचं आणि बहुतेक वेळा *घेणाऱ्याला* भरावं लागायचं. अनोळखी माणसाला प्रश्नावली पाठवायची म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं. पेनी टपाल नसतं तर कोंबड्या पाळणारे, माळी, शिक्षक यांना सरळ पत्र टाकून माहिती मागायची ही पद्धत चाललीच नसती. परदेशी टपाल मात्र महागच राहिलं, म्हणून कलकत्त्याला लिहिताना कागद पातळ आणि ओळी दाट.

नगरी_खडा

तिसरा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. आपल्या बाजूचं आहे, आणि थेट अहमदनगरचं.

१८६७ च्या सुरुवातीला डार्विननं चेहऱ्यावरच्या भावांबद्दल १६ प्रश्नांची छापील प्रश्नावली जगभर पाठवली. आश्चर्य वाटलं की डोळे-तोंड उघडतं आणि भुवया वर जातात का? लाजल्यावर चेहरा लाल होतो का आणि लाली अंगावर कुठवर उतरते? होकाराला मान वर-खाली आणि नकाराला आडवी हलते का? बजावलं होतं की आठवणीवर विसंबू नका, प्रत्यक्ष बघून लिहा. ३६ जणांची उत्तरं आली.

त्यात अहमदनगर जिल्ह्यात राहणारे अर्स्किन होते. १८७२ च्या ग्रंथात डार्विन लिहितो की त्यांनी लोकांच्या चेहऱ्यांकडे लक्ष ठेवलं, पण ठाम निष्कर्ष काढणं जड गेलं, कारण युरोपियनांसमोर लोक आपल्या भावना लपवतात. अर्स्किननी कानडा जिल्ह्याचे न्यायाधीश वेस्ट यांच्याकडूनही माहिती मिळवली आणि काही जाणत्या एतद्देशीय गृहस्थांना विचारलं. त्यांची नावं अर्थातच ग्रंथात नाहीत. सगळ्यात भरघोस उत्तरं आली कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या जॉन स्कॉटकडून. हा मूळचा एडिंबराचा माळी, डार्विनशी पत्रानं ओळख झालेला. तो हिंदुस्थानात आला त्याच्या प्रवासखर्चाचा भार डार्विननं उचलला होता. पुढे गांडुळांची विष्ठाही त्यानंच पाठवली.

प्रश्नावलीचा दोष उघड आहे. प्रश्नातच उत्तर भरलेलं: 'अमुक होतं का?' असं विचारलं की 'होतं' म्हणणं सोपं. शिवाय एकच निरीक्षक, तोही साहेब.

कावळा

कलेक्टर कचेरीत साहेब टक लावून तोंडाकडे बघतोय, हातात छापील कागद. नगरचा माणूस चेहरा दगडाचा करणार नाही तर काय, लाली कुठवर उतरते ते दाखवणार?

नगरी_खडा

अगदी. आणि डार्विननं ते अपयश ग्रंथाच्या प्रस्तावनेतच नोंदवलं, ही त्यातली जमेची बाजू.

आणखी दोन धागे. काठेवाड तेव्हा मुंबई इलाख्याच्या अखत्यारीत. तिथल्या घोड्यांच्या पट्ट्यांची माहिती कर्नल पूल यांच्याकडून आली, त्यांनी सरकारसाठी त्या जातीची तपासणी केली होती. पाठीवर पट्टा कायम, पायांवर बहुधा, खांद्यावर कधी दुहेरी तर कधी तिहेरी. पट्टे शिंगरांत ठळक असतात आणि म्हाताऱ्या घोड्यांत कधीकधी पुसले जातात. बिनपट्ट्याचा घोडा अस्सल मानत नसत. घोडा, गाढव आणि झेब्रा यांचा पूर्वज एक, या युक्तिवादात हे पट्टे थेट कामी आले.

आणि मद्रासहून कबुतरांची कातडी पाठवणारे वॉल्टर एलियट. तरुणपणी ते दक्षिण मराठा मुलखात होते आणि १८२४ साली कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या कैदेतही पडले होते. कबुतरांच्या तळटिपेत कित्तूर सापडेल असं वाटत नाही, पण आहे.

मुंगी

सगळे विज्ञानातच आहेत, म्हणून खासगी पत्रांबद्दल. लग्नानंतर थोड्याच दिवसांत, १८३९ च्या फेब्रुवारीच्या सुमारास, एमानं त्याच्या धर्मविषयक शंकांबद्दल पत्र लिहिलं. एकाच घरात राहत असून पत्र. त्यावर तारीख नाही, आणि हे पत्र जाळलेलं नाही. त्याच्या खाली डार्विननं लिहिलंय की मी मेल्यावर तुला कळू दे, हे मी कितीदा चुंबून रडलो. म्हणजे जाळपोळीतही निवड होती.

दुसरा गठ्ठा १८५१ च्या एप्रिलमधला. त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी माल्व्हर्नला आजारी, तो तिथं, एमा दिवस भरत आलेली म्हणून डाउनला. तो नाडी, उलट्या, पेज आणि ब्रँडीचे चमचे असं तासातासाचं लिहितो. ही पत्रं क्रमानं वाचली तर गोंधळ होतो, कारण टपाल एकमेकांना ओलांडतं. एमा आदल्या दिवशीच्या बऱ्या बातमीला उत्तर देतेय आणि तिकडे प्रकृती ढासळलेली. वाचताना लिहिल्याची तारीख आणि पोचल्याची तारीख अशा दोन उभ्या ओळी आखून घ्याव्यात. २३ एप्रिलला ॲनी गेली.

त्या आजारपणातल्या नोंदींची पद्धत आणि बियांच्या बाटल्यांची पद्धत एकच आहे, हे मात्र खटकतंही आणि पटतंही.

चिकित्सक

सगळं छान. पण चोरीचा मुद्दा राहिला. एका जातीला अनेक फाटे फुटून त्या एकमेकींपासून दूर जातात, हे तत्त्व वॉलेसचं पत्र आल्यावर डार्विनच्या लिखाणात शिरलं, असा आरोप आहे.

बोरू

ते एसा ग्रेला ५ सप्टेंबर १८५७ ला पाठवलेल्या आराखड्यात आहे, वॉलेसच्या निबंधाच्या पाच महिने आधी. त्याची नक्कल डार्विनकडे होती, म्हणून १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटीत तिचा भाग वाचता आला. त्याच्याही आधी, ५ जुलै १८४४ ला, एमाला पत्र लिहून ठेवलंय की मी अचानक गेलो तर माझा निबंध छापायला ४०० पौंड खर्च कर. वॉलेसला आधी न विचारता दोघांचं लिखाण एकत्र वाचलं यावर जरूर भांडा, तिथं भांडण्यासारखं आहे. चोरीला कागद साथ देत नाहीत.

शेवाळी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. सुरुवात कुठून?

पानमळा

पहिल्या खंडापासून नको, बीगल जहाजावरच्या सफरीतली घरगुती पत्रं गोड आहेत पण माणूस तिथंच थांबतो. एक माणूस आणि एक वर्ष घ्या. हूकर, १८५५. ते झालं की फ्रिट्झ म्युलर, १८६५ पासून पुढे. तो ब्राझीलमधून वेली आणि ऑर्किडबद्दल लिहायचा, आणि १८६२ नंतरचा असल्यामुळे दोन्ही बाजूंची पत्रं बरीच आहेत. एकतर्फी आणि दुतर्फी वाचनातला फरक लगेच कळतो.

पंचांगवाला

+१. आणि शेवटून एक: फेब्रुवारी १८८२, नॉर्दॅम्प्टनचा क्रिक. त्यानं पाणभुंगा पाठवला, पायाला इवलासा शिंपला चिकटलेला. गोड्या पाण्यातले शिंपले तळ्यातून तळ्यात कसे जातात त्याचा पुरावा. भुंगा पोचला तेव्हा अर्धमेला होता, डार्विननं त्याला लॉरेलच्या चिरलेल्या पानांच्या बाटलीत ठेवलं, म्हणजे त्याला लवकर, सुखानं मरण येईल. ६ एप्रिलला 'नेचर'मध्ये टिपण आलं, १९ एप्रिलला डार्विन गेला. क्रिकचा नातू फ्रान्सिस क्रिक. शोधायला सोपं, सलग वाचायला तासाभराचं काम.

चिकित्सक

हूकर १८५५ वाचायला घेतो. ३ जूनचा शिक्का मात्र मी सोडलेला नाही.

टपालहंशील

सोडू नका. फक्त तो शिक्का बेट्सच्या पाकिटावरचा आहे, डार्विनच्या नाही.